तलवार चालते, कथा थांबते

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये कथा मोठी की लढाई, हा खेळणाऱ्यांमधला वाद जुना आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये लॉस एंजलिसमध्ये झालेल्या 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात 'क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३' या फ्रेंच खेळाला वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला. या निकालात दोन्ही पक्षांना आपापला विजय दिसावा, अशीच त्याची घडण आहे. कथेचे चाहते त्यातील शोकाकुल गोष्टीकडे बोट दाखवतील, तर लढाईचे चाहते आळीपाळीच्या जुन्या पद्धतीला दिलेल्या नव्या धारेकडे. त्याआधी तीनच महिने, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. २०५० पर्यंतचा आराखडा, ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद, ५० हजार कोटींच्या गुंतवणुकीची आणि दोन लाख रोजगारांची अपेक्षा, असा त्याचा विस्तार आहे. वरवर पाहता या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु राज्य सरकार ज्या उद्योगावर पैसा लावू पाहते आहे, त्याचे यश पहिल्या वादाच्या उत्तरावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. सांगलीहून ईश्वरपूरकडे, म्हणजे अगदी अलीकडेपर्यंतच्या इस्लामपूरकडे, जाणाऱ्या रस्त्यावरचे आष्टा हे गाव घ्यावे. कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या पट्ट्यातले, उसाचे, नगरपरिषदेचे गाव. तेथे अण्णासाहेब डांगे यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि गेल्या पंचवीस वर्षांत संगणक शिकलेल्या कितीतरी तुकड्या तेथून बाहेर पडल्या आहेत. अशा गावांतील तरुणांची व्हिडिओ गेमशी खरी ओळख झाली ती २०१८ नंतर, 'पब्जी मोबाइल'मुळे. स्वस्त इंटरनेट आणि हातातला मोबाइल एवढ्या भांडवलावर एक अख्खी पिढी त्या खेळात उतरली. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एक उरतो. त्यात कथा नव्हतीच, होती ती निव्वळ लढाई. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, पुढे २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. या साऱ्या येण्याजाण्यात 'गेम' या शब्दाचा अर्थ मात्र मराठी घराघरांत पक्का झाला : गोळीबार आणि वेळेचा अपव्यय.

त्यात भर पडली पैशांच्या खेळांची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. त्याआधी जुलैमध्ये मोबाइलवरच्या रमीच्या एका चित्रफितीवरून राज्याच्या विधिमंडळात उठलेले वादळ वाचकांच्या स्मरणात असेलच. जुगार आणि स्पर्धा या दोन टोकांतच सारी चर्चा फिरत राहिली. एकट्याने बसून, साठ-सत्तर तास देऊन, कादंबरी वाचावी तसा खेळायचा खेळही असतो, ही गोष्ट या चर्चेत कुठेच नव्हती. भूमिकाप्रधान खेळ, ज्याला सर्वत्र 'आरपीजी' म्हणतात, तो नेमका हाच.

युद्धपटावरचा जन्म

या प्रकारात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो. त्याचे गुणदोष ठरवतो, त्याला शस्त्रे आणि विद्या मिळवून देतो, वाटेत भेटणाऱ्यांशी बोलतो, काहींशी लढतो, निर्णय घेतो आणि त्या निर्णयांची फळे भोगतो. व्याख्येत बोलणे आणि लढणे शेजारीशेजारी असले तरी प्रत्यक्ष खेळांत लढाईचे पारडे बहुतेक वेळा जड असते. त्याचे कारण जन्मकथेत आहे. या साऱ्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो संगणकावरचा नव्हे, तर टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा. त्याच्या मागे १९७१ चे 'चेनमेल' हे नियमपुस्तक होते, आणि ते होते चिमुकल्या शिशाच्या सैनिकांना पटावर लढवण्याच्या छंदासाठी. म्हणजे ज्या खेळातून सगळे निघाले, तो स्वतः युद्धपटावरून निघाला होता. साहजिकच घाव कसा बसतो, चिलखत किती वाचवते, याचे नियम काटेकोर होते. माणसे एकमेकांशी कशी बोलतात, रुसतात, फितूर होतात, हे मात्र खेळ चालवणाऱ्या निवेदकाच्या प्रतिभेवर सोडलेले होते.

पुढे संगणकाने हा खेळ उचलला तेव्हा त्याला जे मोजता येत होते तेवढेच त्याने घेतले. फाशाची बेरीज यंत्राला करता येते, निवेदकाची हजरजबाबी त्याला येत नाही. त्यामुळे लढाई यंत्राच्या स्वाधीन झाली आणि कथा आगाऊ लिहून ठेवावी लागली. जपानमध्ये १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने आणि १९८७ च्या 'फायनल फँटसी'ने याच पायावर घर बांधले. या घराची भिंत कुठे दुभंगली आहे, हे १९९७ च्या 'फायनल फँटसी ७'ने नकळत दाखवून दिले. या खेळात लढताना कोणी सोबती पडला, तर एका पिसाने तो पुन्हा उभा राहतो; खेळणाऱ्याने हे शेकडो वेळा केलेले असते. मग कथेतील एका प्रसंगी खलनायक एरिथ या नायिकेला तलवारीने भोसकतो आणि ती कायमची जाते. त्या मृत्यूने जगभरातील मुले रडली, हे खरे; पण पिशवीत ती पिसे असताना ती का वापरता येत नाहीत, हा प्रश्नही तितकाच खरा होता. लढाईच्या जगात मरण तात्पुरते आणि कथेच्या जगात ते अंतिम, असे दोन कायदे एकाच खेळात नांदत होते. २००७ मध्ये क्लिंट हॉकिंग या कॅनेडियन खेळरचनाकाराने 'बायोशॉक' या खेळावर लिहिताना या विसंगतीला नाव दिले. त्याचा रोख असा, की खेळ हाताला एक शिकवतो आणि कथा कानाला दुसरेच सांगते.

खेळणाऱ्यांच्या वादाकडे या बाजूने पाहिले, की दोन्ही पक्षांचे थोडे थोडे बरोबर असल्याचे दिसते. लढाईवाल्यांचे म्हणणे असे, की कथाच हवी असेल तर पुस्तके आहेत, चित्रपट आहेत. हाताने करणे, चुकणे, पुन्हा करणे आणि अखेर साधणे, ही खेळाची स्वतःची अशी देणगी आहे आणि ती लढाईतच मिळते. हा युक्तिवाद उथळ समजू नये. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा २०२२ चा 'एल्डन रिंग' हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्याच्या जगाची पूर्वपीठिका रचण्यासाठी जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यासारखा कादंबरीकार आणला गेला, आणि तरीही खेळात कथा सरळ सांगितली जातच नाही. ती शस्त्रांच्या वर्णनांत, पडक्या भिंतींत, शत्रूंच्या वागण्यात विखुरलेली असते. एकाच राक्षसाकडून वीस वेळा मार खाल्ल्यावर एकविसाव्या वेळी त्याच्या हालचालींचा अर्थ उमगतो, तेव्हा ते जग किती निष्ठुर आणि किती जुने आहे, हे कोणत्याही संवादाविना समजते.

उलट कथावाल्यांचा पुरावा आहे २०१९ चा 'डिस्को एलिझियम'. एस्टोनियाच्या रॉबर्ट कुर्वित्झ या लेखकाची कादंबरी फारशी कोणी वाचली नाही, म्हणून त्याने आणि त्याच्या मित्रांनी तेच काल्पनिक जग खेळात आणले. नायक आहे दारूने स्मृती गमावलेला एक पोलीस अधिकारी. तलवार नाही, जादू नाही, रूढ अर्थाने लढाईच नाही. फासे मात्र आहेत : स्वतःशी बोलताना, साक्षीदाराला बोलते करताना, इतकेच काय, गळपट्टा पंख्यावरून काढतानाही फासे पडतात. ज्या नियमांनी पूर्वी घाव मोजला जाई, त्याच नियमांनी येथे संकोच, गर्व आणि पश्चात्ताप मोजला जातो. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये या खेळाने चार पुरस्कार मिळवले.

या दोन टोकांमध्ये जे उत्तम खेळ झाले, त्यांनी कथा आणि लढाई यांचे प्रमाण ठरवण्यात वेळ घालवला नाही. पोलंडच्या 'द विचर ३' मधला, २०१५ सालचा, एक प्रसंग पाहावा. एका सरदाराच्या मारहाणीमुळे त्याच्या पत्नीचा गर्भ पडलेला असतो. विधिवत न पुरलेल्या, नाव न ठेवलेल्या त्या अर्भकाचे पिशाच झालेले असते. खेळणारा त्याच्याशी लढून त्याचा निकाल लावू शकतो. पण दुसरी वाट अशी, की बापाने ते लेकरू स्वतःच्या हातांनी घरी न्यायचे, उंबऱ्याशी पुरायचे आणि त्याला नाव द्यायचे. ही दुसरी वाटही लढाईविना सुटत नाही, कारण वाटेत भुते अंगावर येतात. मात्र तेव्हा खेळणारा ज्याचे रक्षण करत असतो तो गुन्हेगारच असतो, आणि तलवारीचा प्रत्येक हात त्याच्या मनातल्या तिरस्काराला आणि दयेला एकाच वेळी छेडतो. २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' हेच मोठ्या पटावर करतो. तेथे बरेचसे झगडे जिभेने टळतात. जे टळत नाहीत, त्यांत कोण मेले याची नोंद खेळ शेवटपर्यंत ठेवतो. सुरुवातीच्या 'एक्स्पिडिशन ३३'चेही मर्म येथेच आहे. त्या जगात दरवर्षी एका शिळेवर एक आकडा रंगवला जातो आणि त्या वयाची सारी माणसे नाहीशी होतात. आकडा खाली येत येत तेहतिसावर आला आहे. मोहिमेवर निघालेल्यांजवळ म्हणून एकच वर्ष उरते. अशा माणसांच्या लढाईत क्षण चुकवला की घाव बसतो, क्षण साधला की वाचतो. वेळ अपुरा आहे, ही कथेतली धास्ती बोटांतही उतरते.

सूत्रधार गातो, राक्षस ओरडतो

कथा आणि लढाई यांची ही फारकत सांगली परिसराला नवी नाही. फक्त तिचे ठिकाण पडदा नव्हे, रंगमंच होते. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून मानला जातो. या नाटकांची घडण आजच्या व्हिडिओ गेमशी विलक्षण जुळते. सूत्रधार मागे उभा राहून पदे गाई. कथा सगळी त्या पदांत. पात्रे ती पदे म्हणत नसत. ती येत, पदाला अनुसरून हावभाव करत, आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोलत आणि मग युद्ध करत. देवांची एक पार्टी, राक्षसांची दुसरी. राक्षस 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकून रंगमंच दणाणून सोडत आणि तलवारींची खणाखणी सुरू होई. प्रेक्षकांना ते फार आवडे. राक्षसाचे काम करणाऱ्या नटाचा आवाज आणि अंगयष्टी ही मंडळींची पुंजी असे. पुढे इंग्रजी शिकलेल्या वर्गाने याच आरोळीवरून त्या नाटकांना 'अललडुर्री' म्हणून हिणवले.

हिणवणाऱ्यांचा राग युद्धावर होता, असे वरवर वाटते. पण दोष युद्धात नव्हता. गाणारा वेगळा आणि लढणारा वेगळा, हा तो दोष होता. कथा सांगण्याचे काम सूत्रधाराने स्वतःकडे ठेवल्यामुळे पात्राच्या वाट्याला फक्त ओरडणे आणि तलवार फिरवणे उरले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांनी जे पाऊल उचलले ते आज साधे वाटते : पद पात्राच्या तोंडी दिले. शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाऊ लागली. तेवढ्याने मराठी संगीत नाटक उभे राहिले.

आजच्या बहुसंख्य भूमिकाप्रधान खेळांत भाव्यांचा सूत्रधार अजून पदे गातोच आहे. लढाई संपली, की खेळणाऱ्याच्या हातातील नियंत्रण काढून घेतले जाते. पडद्यावर एक लहानसा चित्रपट चालतो, त्यात पात्रे बोलतात, रडतात, दगा देतात. तो संपला, की पुन्हा राक्षसपार्टी. खेळणारा कंटाळून चित्रपट पुढे ढकलतो, तेव्हा त्याला कथेची गोडी नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो निष्कर्ष घाईचा आहे. त्याला भूमिका देऊ केली होती आणि ऐन प्रसंगी प्रेक्षक करून बसवले, याचा तो कंटाळा आहे.

खुद्द आष्ट्यात यापेक्षा जुनी एक परंपरा जिवंत आहे. गावची देवता चौंडेश्वरी. तिचा भावई उत्सव पावसाळ्याच्या तोंडावर होतो. मुखवटे चढवले जातात, देवीची बाजू आणि दैत्यांची बाजू समोरासमोर येतात आणि गावाच्या रस्त्यांवर ते युद्ध खेळले जाते. कोणी कोणती भूमिका घ्यायची, हे मानाने ठरलेले असते. तेथे कथा आधी सांगून मग लढाई दाखवली जात नाही. कथा प्रत्येकाला ठाऊक असते आणि लढाई हेच तिचे सांगणे असते. या भागातल्या कुस्तीच्या मैदानातही हेच घडते. जोड लागण्यापूर्वी निवेदक पैलवानाचे गाव सांगतो, तालीम सांगतो, वस्तादाचे नाव घेतो, मागच्या वर्षीची हार आठवून देतो. मग तीच ढाक आणि तोच घिस्सा, पण प्रेक्षक श्वास रोखून बघतात. डावाला मागचे देणे चिकटलेले असते.

पुण्याची राजी

मराठी मुलखात झालेल्या प्रयत्नांकडे या कसोटीने पाहायला हवे. त्यातला सर्वांत महत्त्वाचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी तो केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर व ऑक्टोबरमध्ये इतरत्र आला. काटेकोर अर्थाने तो भूमिकाप्रधान नव्हे, साहसप्रधान आहे. परंतु कथा आणि लढाईचा प्रश्न त्यात तंतोतंत आहे. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला सोडवायला ती निघते आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. कळसूत्री सावल्यांतून उलगडणारे प्रसंग, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे महाल, भिंतींवरच्या चित्रांतून सांगितलेल्या पुराणकथा, हे सारे इतक्या ममतेने केले आहे की पिंगुळीच्या चित्रकथीशी परिचय असलेल्या मराठी माणसाला ते ओळखीचे वाटावे.

देशी-परदेशी समीक्षकांनी चित्रांचे आणि वातावरणाचे कौतुक केले. लढाई ताठर आहे आणि शेवट अर्धवट तुटल्यासारखा वाटतो, अशी तक्रार केली. ही तक्रार रास्त होती. पण ताठरपणा केवळ हालचालींचा नव्हता. राजी खांबांवरून उड्या मारत, भिंतींवर धावत लढते, ही कल्पना फार चांगली. कसरतपटू मुलीने असेच लढावे. अडचण अशी, की दुर्गा आणि विष्णू वरून बोलत राहतात आणि राजीची गोष्ट तेच सांगतात. सूत्रधार पुन्हा पदे गाऊ लागतो. भाऊ हरवलेल्या मुलीची भीती तिच्या वारात दिसत नाही. पहिल्या असुराला ती जशी मारते तशीच शेवटच्यालाही. ज्या महाभारताचा वारसा असे खेळ सांगतात, त्यात मात्र एकही द्वंद्व कोरे नाही. भीमाने दुःशासनाला मारले ते एका प्रतिज्ञेचे देणे होते. कर्णाचे चाक रुतले ते एका शापाचे. आणि सर्वांत मोठ्या युद्धाच्या तोंडावर तर धनुर्धर शस्त्र खाली ठेवून बोलू लागतो. लढाई थांबवण्याचा अधिकार योद्ध्याला असणे, हाच त्या कथेचा गाभा आहे. तो अधिकार खेळणाऱ्याला देणारा पुराणाधारित खेळ अजून यायचा आहे. 'राजी'च्या पुढच्या भागाची घोषणा २०२५ मध्ये झाली आहे; पहिल्याच्या चुका करणाऱ्यांनीच दुरुस्त कराव्यात, यासारखी चांगली गोष्ट नाही.

योद्ध्याऐवजी सामान्य माणसाला हा अधिकार देणारा एक भारतीय खेळ मात्र आधीच होऊन गेला आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. पायरोडॅक्टिल या छोट्या भारतीय संस्थेने २०१४ मध्ये 'अनरेस्ट' काढला. प्राचीन भारताच्या धर्तीवरचे भीमरा हे दुष्काळाने गांजलेले राज्य. नायक एक नाही, अनेक. त्यातली एक शेतकऱ्याची पोर, जिचे लग्न तिला न विचारता ठरले आहे. तिच्यापुढे राक्षस नाही, आईबाप आहेत. जवळजवळ सगळा खेळ बोलण्यावर चालतो आणि हत्यार उचलण्याचा प्रसंग आलाच, तर ती बहुधा हार असते. चित्रे साधी, आवाज नाहीत, पैसा नव्हता. तरीही दुष्काळ, धान्य, हुंडा आणि दरबारी मसलती यांतून एक भूमिकाप्रधान खेळ उभा राहू शकतो, हे त्याने दाखवले. ज्या जिल्ह्यात एकीकडे ऊस आणि दुसरीकडे जत-आटपाडीचा दुष्काळ नांदतो, तेथील कोणाही तरुणाला त्यात कल्पनेपेक्षा अनुभवच अधिक दिसेल. अण्णाभाऊ साठ्यांचे वाटेगाव आणि पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष ही दोन्ही गावे आष्ट्याच्याच तालुक्यातली. गोष्टींचा तुटवडा या मुलखाला कधी नव्हता.

तुटवडा आहे तो लिहिणाऱ्याला या धंद्यात जागा असण्याचा. राज्याच्या धोरणावर जी जाहीर चर्चा झाली तिचा भर गुंतवणूक, पार्क, स्टुडिओ आणि रोजगार यांवर होता. मे २०२५ मध्ये मुंबईत भरलेल्या 'वेव्हज' परिषदेत आणि त्यानंतर मुंबईत सुरू झालेल्या भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेच्या निमित्तानेही तंत्रज्ञानाचेच कौतुक अधिक झाले. त्यात गैर काही नाही, यंत्रे लागतातच. पण लढाईचे तंत्र विकत घेता येते. तयार इंजिने बाजारात आहेत, हालचालींचे साचे मिळतात, परदेशी कंपन्यांसाठी कंत्राटावर काम करून भारतीय कारागीर त्यात तरबेजही झाले आहेत. लढाईला कथेशी बांधणारा लेखक मात्र असा बाजारातून आणता येत नाही. 'एक्स्पिडिशन ३३' च्या तीसएक माणसांच्या मूळ चमूतील प्रमुख लेखिका जेनिफर स्वेडबर्ग-येन ही आवाज देण्यासाठी आलेली होती. दिग्दर्शकाने तिच्यातली लेखिका हेरली आणि गोष्ट तिच्यासह नव्याने रचली. लेखन आरंभी आले, लढाईची रचना होत असताना आले. आपल्याकडे संवादलेखकाला बोलावले जाते ते बहुधा सगळे झाल्यावर, मोकळ्या जागा भरायला. याला एक अपवाद दिसतो. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'द एज ऑफ भारत' या महत्त्वाकांक्षी खेळाच्या संस्थापकांत अमिताभ बच्चन यांच्याबरोबर अमीश त्रिपाठी हे कादंबरीकार आहेत. लेखक पायाशी आहे, ही आशेची बाजू. पुराणातला भव्य देखावा हाच कथेचा पर्याय मानण्याचा मोह मात्र त्याही खेळाला टाळावा लागेल. चीनच्या 'ब्लॅक मिथ : वुकाँग'ला ऑगस्ट २०२४ मध्ये अवघ्या तीन दिवसांत एक कोटी प्रतींचा खप मिळाल्यापासून तो मोह सर्वांनाच पडतो आहे.

राहिला भाषेचा मुद्दा, आणि तो वाटतो तितका गौण नाही. लढाईला भाषा लागत नाही. म्हणून 'पब्जी' आष्ट्यात पोहोचला आणि 'डिस्को एलिझियम' पोहोचला नाही. दहा लाखांच्या आसपास इंग्रजी शब्द वाचून, त्यातला उपरोध पकडून खेळायचे, हे मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. मग त्याला लढाईच आवडते, असे म्हणणेही तितकेच अन्यायाचे; त्याच्यापुढे दुसरे काही ठेवलेलेच नाही. फुकट मिळणारा 'गेन्शिन इम्पॅक्ट' मोबाइलवर येतो, त्यात कथा भरपूर आहे. तीही इंग्रजीतून, आणि पात्रे मिळवण्यासाठी सोडतीसारखा पैसा मागणारी.

पोलंडचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. 'द विचर' करणारी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हा खेळ करत नव्हती, परदेशी खेळ आणून विकत होती. १९९९ मध्ये तिने मूळ 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला. प्रचंड मजकुराचा तो खेळ पूर्ण भाषांतरित केला, नामवंत पोलिश नटांचे आवाज घेतले आणि जोखीम अंगावर घेऊन बाजारात उतरवला. तो चालला. एका पिढीला आपल्या भाषेत भूमिकाप्रधान खेळ कसा वाटतो हे कळले, भाषांतर करणाऱ्यांना असा खेळ आतून कसा बांधलेला असतो हे कळले, आणि २००७ मध्ये आंजेय सापकोव्स्की यांच्या पोलिश कथांवरचा पहिला 'विचर' आला. आधी भाषांतर, मग स्वतःची निर्मिती, असा तो आठ वर्षांचा रस्ता होता.

महाराष्ट्रात भाषांतराची परंपरा आहे, श्रुतिका आणि नाटकांतून तयार झालेले आवाज आहेत, आणि संगणक शिकलेली मुले आष्टा-ईश्वरपूरपर्यंत आहेत. त्यातली बहुतेक पदवीनंतर पुण्याला जाऊन दुसऱ्यांचे काम करतात. धोरणाच्या अंमलबजावणीचे तपशील ठरवताना एखादा मोठा कथाप्रधान खेळ मराठीत आणण्यासाठी अनुदानाचे वेगळे शीर्षक ठेवता येईल. नव्या मराठी खेळाला मदत देताना कथालेखकाचे नाव आणि मानधन अर्जातच मागता येईल. ३,२६८ कोटींच्या आराखड्यात या दोन बाबींचा खर्च एखाद्या स्टुडिओच्या इमारतीइतकाही होणार नाही.